आधी नमस्कार, मग लाथ

माणिकबाईचा एक नेम होता. सकाळी वखारीत आली की ती आधी उंबऱ्याला हात लावायची, मग रेच्याला, आणि मग तोच हात कपाळाला. रेचा म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. एकावर एक बसवलेल्या दोन लाटा, म्हणजे लाकडी रूळ, आणि बाजूला फिरवायचा दांडा. लाटांच्या मधे कापूस घातला की रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे गळते. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाला खुशालराव पाटलांची वखार होती. तिच्या लांबच लांब पडवीत असे तीसेक रेचे दिवसभर कुरकुरत असत, आणि प्रत्येक रेच्यामागे एक बाई.

ती वर्षं कापसाची होती. सातासमुद्रापार अमेरिकेत कसली तरी लढाई पेटली होती. कोण कोणाशी लढतंय, कशासाठी लढतंय, हे पडवीतल्या एकाही बाईला ठाऊक नव्हतं. ठाऊक एवढंच, की तिकडचा कापूस अडला म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आता वऱ्हाडचा कापूस पाहिजे. आगगाडी अकोल्याला येऊन लागली होती. दर्यापूरकडून येणाऱ्या गाड्यांची रांग नदीपलीकडे जायची. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कोणी पोराचं लग्न दोनदा जेवण घालून केलं.

"लढाई त्यायची, आन खांदे आपले दुखून राहिले," शेजारच्या रेच्यावरची गोदाबाई म्हणायची. गोदाबाईची जीभ तिच्या रेच्यापेक्षा भरभर चालायची.

माणिकबाई हसायची, पण कमी. का, ते तिला सांगावं लागत नसे, सगळ्या वखारीला माहीत होतं. तिचा एकुलता एक लेक रामराव. सहा वर्षांचं पोर, नाकाला सतत धार, पण ती त्याला कौतुकाने रामरावच म्हणायची. घरी ठेवायला कोणी नाही, नवरा आधीच गेलेला, म्हणून पोर आईजवळ पडवीतच असायचं. रुईच्या ढिगावर निजायचं. पडवीत सदा पांढरा फुफाटा उडालेला. केसांवर, भुवयांवर, भाकरीवर, नाकातोंडात. रामराव दोन हिवाळे खोकला. तिसरा हिवाळा त्याने पाहिला नाही. त्या दिवशी खुशालरावांनी पडवीतले सगळे रेचे बंद ठेवले होते, हेही माणिकबाई विसरली नव्हती.

बाकीच्या बायांची पोरं मात्र त्याच फुफाट्यात लोळत होती. एक दिवस कोणाचं तरी पोर खोकलं, आणि माणिकबाईचा हात दांड्यावर थांबला. दुपारची भाकर खाऊन बाया घटकाभर पाठ टेकायच्या. त्या घटकेत ती उठली आणि पोरांना हाकलत बाहेर घेऊन गेली.

"चला रे, चला! आंग झाडा. बाहेर वारा हाये, तो काही पाटलाच्या मालकीचा नाही."

वखारीच्या मागे पाटलांचीच पडीत जागा होती, नदीपर्यंत उतरलेली. माणिकबाईने तिथे हुतुतू लावून दिला. दोन दिवसांत त्यावरून भांडण झालं. हुतुतूत धरावं लागतं, आणि धरायचं कोणी कोणाला? वखारीत सरकीच्या पाट्या वाहणारी एक बाई गावकुसाबाहेरच्या वस्तीतून यायची. तिची सात वर्षांची पोरगी शकुन डावात आली की बाकीची पोरं "शिवू नको, शिवू नको" करत चिमण्यांसारखी उडायची. शकुनला वाटायचं, आपण जिंकतोय. ती आनंदाने टाळ्या पिटायची.

तोड काढली ती शालिकरामने, आणि तीही नकळत. शालिकराम म्हणजे खुशालरावांचा नातू. दहा वर्षांचा, गुटगुटीत, कानात सोन्याची बाळी. घरी सोबत्यांविना कंटाळून तो वखारीत हिंडायचा. एकदा धापा टाकत आला. "माणिकबाई, टेसनावरचे साहेब पाह्यले का? येवढा मोठा चेंडू, आन लाता मारून राह्यले त्याले! हात लावतच नाईत!"

"हात लावतच नाईत?" माणिकबाईने विचारलं.

"बिलकूल नाई. हात लागला की वरडतेत."

माणिकबाईने त्या संध्याकाळी जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढल्या. आत भरायला पडवीच्या कोपऱ्यात झाडून टाकलेला मातकट कापूस घेतला, जो तसाही उकिरड्यावर जायचा. गोल करून, वर चिंध्या गुंडाळून, सुतळीने घट्ट विणून तिने नारळापेक्षा मोठा चेंडू केला. दोन बाभळीच्या फांद्या इकडे रोवल्या, दोन तिकडे. त्यांच्या मधून चेंडू गेला की डाव.

आणि काय सांगावं! पडीत जागेवर धुळीचा लोट उठला. कोण कोणाला शिवलं हे त्या धुळीलाच ठाऊक. कासम पिंजाऱ्याचा दाऊद तर हरणासारखा पळायचा. शकुन चेंडूपेक्षा थोडीच मोठी दिसायची, पण पायांच्या मधून अशी काही निसटायची की शालिकराम ओरडायचा, "पकडा तिले!" पण पकडणार कोण, हात तर लावायचा नाही.

खेळ झाला की सगळी वरात नदीवर. नाक शिंकरायचं, चुळा भरायच्या, मान आणि कानामागे धुवायचं. माणिकबाई काठावर उभी राहून एकेकाचे कान वळवून पाहायची. कान स्वच्छ असेल त्यालाच गूळ-फुटाणे. शकुन खालच्या अंगाला, वेगळ्या दगडावर उतरायची. ते काही माणिकबाईला बदलता आलं नाही. पण तिथवर चालत जाऊन तिचेही कान ती पाहायची.

आता लाथ म्हटली की ती चेंडूलाच लागेल असं नाही. एकमेकांच्या नडग्यांना लागायचीच. आपल्यात तर पाय लागला की वाकायचं, स्पर्श करायचा, तो हात कपाळाला लावायचा, हे पोर चालायला शिकतं तेव्हाच शिकतं. माणिकबाईने नियम केला: ज्याचा पाय दुसऱ्याला लागला, त्याने तिथेच थांबायचं आणि नमस्कार करायचा. मग पुढचा खेळ.

पहिल्या दिवशी दाऊद म्हणाला, "बाई, आमच्यात नमस्कार नाई करत. सलाम करतेत."

"मंग सलाम कर बापा. वाकल्याशी काम."

दुसऱ्या दिवशी शालिकरामची लाथ शकुनच्या नडगीला बसली. पोरगी मटकन खाली बसली. सगळे थांबले. शालिकरामने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तो पुन्हा चेंडूकडे निघाला.

"शालिकराम, नमस्कार राह्यला," माणिकबाई म्हणाली.

"मी? तिले?" पोराच्या कानातली बाळी हलली. "मी पाटलाचा हावो!"

"हाये ना. गाईले पाय लागला तं करतो का नाही नमस्कार?"

"करतो."

"सुपाले लागला तं?"

"करतो."

"केरसुणीले?"

"करतो ना. केरसुणी लक्ष्मी असते."

"मंग शकुन केरसुणीपेक्षा खालची काय रे?"

शालिकराम रागावला. पाय आपटत कडेच्या बाभळीखाली जाऊन बसला. माणिकबाईने त्याला बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. तीन दिवस तो बाभळीखाली बसून होता. दाऊदने डाव केला की नकळत याचाही पाय हवेत उडायचा. चौथ्या दिवशी तो उठला, शकुनपासून हातभर लांब उभा राहिला, खाली वाकला, तिच्यासमोरच्या मातीला बोट लावलं आणि कपाळाला नेलं.

"हे चालते का?" त्याने माणिकबाईला विचारलं. "शिवलो तं आजी घरात घेत नाही."

"आजच्या दिवशी चालते," माणिकबाई म्हणाली.

असे दोन हिवाळे गेले. पडवीत खोकला राहिला तो मोठ्यांचा. पोरांच्या गालांवर उन्हाचा तांबूस रंग चढला. गोदाबाई चेष्टा करायची, "काव माणिके, देवानं तुले एक पोट्टं नेऊन इस देले म्हणावं." रेचा फिरवताना माणिकबाईच्या ओठांवर विठ्ठलाचं नाव असायचं, ते त्यावर थोडं मोठ्याने ऐकू यायचं.

मग अमेरिकेतली लढाई थांबली.

थांबली तर चांगलंच झालं, असं कोणालाही वाटेल. पण त्या वैशाखात अकोल्याच्या बाजारावर सुतक आल्यासारखं झालं. कापसाचा भाव जो घसरला तो उतारावरच्या गाडीसारखा. भाव आणखी चढेल म्हणून खुशालरावांनी वखारीत माल अडवून ठेवला होता. ते दिवसभर ओट्यावर बसायचे, पगडी मांडीवर, नजर रस्त्यावर. त्या रस्त्याने आता गाड्या येत नव्हत्या. माणूस वाईट नव्हता. पण नशीब फिरलं की माणूस ते कोणामुळे फिरलं हे शोधायला लागतो.

उन्हामुळे खेळ सकाळवर आला होता. एका सकाळी खुशालराव पडीत जागेच्या कडेने चालले होते, आणि नेमकी दाऊदने मारली ती लाथ अशी बसली की दोन हिवाळे टिकलेली सुतळी तुटली. चेंडू फाटला. आतला कापूस बाहेर आला, मातीवर पसरला, आणि वाऱ्याने उडून थेट खुशालरावांच्या जोड्यांपाशी गेला.

वाकून त्यांनी तो कापूस उचलला.

"हे चेंडूत होतं?"

"हो," शालिकराम म्हणाला.

"दोन साल लाता मारून राह्यले तुमी लक्ष्मीले?" त्यांनी कापसाची मूठ पुढे धरली. "माह्या जागेत, माह्या वखारीच्या पाठीशी? मंग भाव नाई पडणार तं काय होणार! कोनं केला हा चेंडू?"

"म्या केला, पाटील," माणिकबाई पुढे आली.

"तू? देवाधर्माची बाई तू!" एवढंच ते बोलले. पण ते शब्द माणिकबाईला चाबकासारखे लागले. दुपारपर्यंत गड्यांनी बाभळीच्या काट्या आणून पडीत जागेच्या तोंडावर टाकल्या. पोरं पुन्हा पडवीत आली, फुफाट्यात, आयांच्या पदराखाली.

माणिकबाईने कोणाशी वाद घातला नाही. तिला दुसरंच खात होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला तिने वात वळायला घेतली, आणि बोटांतला कापूस पाहून हात थांबला. जो देवापुढे जळतो, तोच आपण पोरांच्या पायाखाली दिला. सुपाला पाय लागू न देणारी बाई मी, मला हे दिसलं कसं नाही? पाटील खोटं कुठे बोलले? विठ्ठलाच्या मूर्तीपुढे ती बसली. तिने क्षमा मागितली. पण दिवा लावून झाल्यावरही मन काही हलकं झालं नाही, कारण कानात शकुनचा खोकला होता. त्याच दिवशी लागला होता तो. कोरडा, एकावर एक येणारा. माणिकबाईच्या ओळखीचा होता तो.

आठवडा असा गेला. मग एका सकाळी पडून असलेला थोडा माल हलवायचं ठरलं आणि पोती भरायला घेतली. पोतं म्हणजे गोणपाटाचा भलाथोरला थैला. तो तुळईला दोरांनी टांगायचा, तोंड उघडं ठेवायचं, आणि आत माणूस उतरायचा. वरून रुई टाकत जायची, आणि त्याने ती पायांनी तुडवून तुडवून दाबायची. हे काम गोदाबाईच्या नवऱ्याचं, नत्थुजीचं. नत्थुजीने धोतर खोचलं, पाय धुतले, थैल्यापाशी गेला, रुईला हात लावला, कपाळाला लावला, "माफ कर माय" असं पुटपुटला, आणि आत उडी मारून धपाधपा नाचायला लागला.

माणिकबाई हे रोज पाहत होती. वर्षानुवर्षं पाहत होती. त्या दिवशी मात्र तिचा रेचा थांबला तो थांबलाच.

"काय झालं व?" गोदाबाईने विचारलं. "भूत पाह्यलं का?"

"तुहा नवरा पाह्यला."

"मंग तेच ते," गोदाबाई म्हणाली.

माणिकबाई उठली. फाटक्या चेंडूच्या चिंध्या आणि वेचून ठेवलेला कापूस तिने पदरात घेतला आणि सरळ ओट्यापाशी गेली. खुशालरावांपुढे तिने पदर पसरला.

"पाटील, चुकलं माहं."

खुशालरावांनी मान वर केली. भांडायला आलेल्या बाईला काय बोलायचं हे त्यांनी ठरवून ठेवलं असावं, पण कबूल करणाऱ्या बाईला काय बोलायचं ते नव्हतं ठरवलं.

"म्या पोट्ट्यायले एकमेकाले नमस्कार करा म्हून शिकोलं," माणिकबाई म्हणाली. "पाय लागला का वाका. आन ज्याले दिसभर लाता मारायच्या, त्या चेंडूले नमस्कार करा म्हून सांगतलं नाही. ते राह्यलं माह्याकून. नत्थुजी आत उतरते तवा आधी हात जोडते. आमी नाई जोडले."

"नत्थुजीचं कायले काढते मधात?"

"काहून नाई काढू? पायाचाच दोष असता तं तुमची वखार कवाच बुडाली असती, पाटील. तो दिसभर लक्ष्मीच्या उरावर नाचते."

थैल्यातून नत्थुजीचं डोकं वर आलं. "माहं नाव कोन घेऊन राह्यलं?" पडवीभर हसू फुटलं.

"तोंड आवर, माणिकबाई," खुशालराव म्हणाले, पण आवाजातली धार गेली होती. "तो कामासाठी तुडवते. तुही पोट्टी खेळासाठी."

"खोकला जाते, तेबी कामच हाये ना? माह्या रामरावले जर बाहेर धावाले भेटलं असतं..." ती पदरातला कापूस सारखा करू लागली.

पडवीतलं हसू विझलं. रेचेही थांबले होते. त्या शांततेत आतून शकुनचा खोकला आला. एकावर एक, एकावर एक. खुशालरावांनी तिकडे पाहिलं, मग माणिकबाईच्या पदरातल्या मातकट कापसाकडे.

"नमस्कार केल्यानं भाव चढंल का व?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते मले नाई ठाव, पाटील. खोटं कायले सांगू?"

त्यांनी मांडीवरची पगडी उचलून डोक्यावर ठेवली. "उद्या सकायी दाखव मले. कसा करतेत ते पाहतो. मंग ठरवतो."

माणिकबाईने नवा चेंडू विणला. कापूस तोच घातला, आता तो टाकायचा कसा? वरच्या चिंध्यांसाठी मात्र पोरांनी घरोघरून तुकडे आणले. दाऊदने हिरवा, शालिकरामने आजीच्या फाटक्या शालूचा, शकुनने आईच्या लुगड्याचा, ज्याचा मूळ रंग कोणालाच सांगता आला नसता.

सकाळी गड्याने काट्या जरा बाजूला ओढून वाट करून दिली. खुशालराव कडेला उभे राहिले, हात पाठीमागे. चेंडू मधोमध ठेवला. एकेक पोर आलं, वाकलं, चेंडूला हात लावून कपाळाला नेला. दाऊदने सलाम केला. शकुन सवयीने लांबच थांबली.

"जवळ ये," माणिकबाई म्हणाली. "तुह्या मायचं लुगडं हाये त्यात."

ती आली. तिने इतकं खाली वाकून नमस्कार केला की कपाळालाच माती लागली.

मग खेळ सुरू झाला, आणि घटकाभरातच जे व्हायला नको होतं ते झालं. शालिकराम आणि शकुन एकदमच चेंडूवर धावले. चेंडू सुटला, आणि शालिकरामचा पाय तिच्या पायावर बसला. पोरगी कळवळली. सगळे थांबले. दोन वर्षं शालिकराम हातभर लांबूनच मातीला बोट लावत आला होता, पण आज आजा समोर होता. आजाने तेवढंही पाहिलेलं नव्हतं.

शालिकरामने आजाकडे पाहिलं. माणिकबाईने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आता हे पोर नुसतं निघून जाईल, आणि मग काट्या पुन्हा येतील त्या कायमच्या. किंवा वाकेल, आणि तरीही येतील.

तिने डोळे उघडले तेव्हा शालिकराम वाकलेला होता. मातीला नाही, त्याने शकुनच्या पायाला हात लावला होता. तोच हात त्याने कपाळाला नेला. "लागलं का व?" त्याने विचारलं. शकुनने नाही म्हणून मान हलवली, खोकली, आणि चेंडूमागे पळालीसुद्धा.

खुशालरावांनी घसा खाकरला. नदीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि मग ते एकदम गड्यावर ओरडले, "अरे, ह्या काट्या कोनं टाकल्या इथं? पोट्ट्यायच्या पायात गेल्या मंजे? उचला, पहिले उचला!"

पडवीच्या दारात गोदाबाई उभी होती. ती जवळ आली आणि माणिकबाईच्या कानाला लागून तिने विचारलं, "पाटलानंच टाकायले लावल्या ना व?"

"चूप बस," माणिकबाई म्हणाली. पदराने डोळे पुसून ती पुढे गेली, आणि काट्या उचलणाऱ्या गड्याला हातभार लावू लागली.